काळी मांजर, पांढरा बोका आणि सोफ्याचे कव्हर: एका निवडीचे प्रकरण

हे प्रकरण ज्या घरातले आहे तेथे आई आणि मुलगी अशा दोघी राहतात आणि त्यांच्यासोबत दोन मांजरे आहेत: नऊ वर्षांची, आखूड केसांची काळी मांजर आणि दोन वर्षांचा, लांब केसांचा पांढरा बोका. दिवाणखान्यात तीन माणसांचा एक सोफा आहे. त्याचा सांगाडा आणि आतला फोम उत्तम स्थितीत असल्यामुळे सोफा बदलण्याचे कारण नव्हते. मात्र त्यावरचे कव्हर आठच महिन्यांत निकामी झाले होते आणि तीन वर्षांत वाया गेलेले ते दुसरे कव्हर होते. नवे कव्हर शिवून देण्यासाठी मला बोलावले गेले तेव्हा मांजरांपुढे कोणते कापड टिकते, हा आईंचा पहिला प्रश्न होता आणि कोणत्या रंगावर केस दिसत नाहीत, हा मुलीचा. दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या फाटक्या कव्हरावरच लिहिलेली होती. कव्हर शिवणारे आणि शिवून घेणारे दोघेही बहुधा जुने कव्हर आधी काढून टाकतात आणि नमुन्यांच्या पुस्तकापासून सुरुवात करतात. माझ्या मते निवड चुकते ती तेथेच.

जुन्या कव्हरावरच्या खुणा

मी ते कव्हर काढू दिले नाही, सोफ्यावर होते तसेच पाहिले. उजव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यावर, जमिनीपासून साधारण ३५ ते ६० सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात, धागे वरून खाली ओढलेले होते आणि मधोमध कापड विरून आतले अस्तर दिसत होते. बैठकीच्या पुढच्या कडेवर वेगळीच खूण होती: तेथे धागे फाटलेले नव्हते, तर आडवे ओढले जाऊन त्यांचे लहान लहान फास वर आले होते. पाठीच्या वरच्या कडेवर नखांची एकही खूण नव्हती, पण पांढऱ्या केसांचा थर इतका दाट होता की कापडाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. डावा हात भिंतीला लागून असल्यामुळे जवळजवळ नवा राहिला होता. खालची झालर दोन ठिकाणी उसवली होती आणि कव्हर सोफ्याच्या पायांना बांधण्याच्या चारपैकी तीन नाड्या चघळून तोकड्या झाल्या होत्या.

या खुणा कोणाच्या, हे दोघींना विचारल्यावर लगेच उलगडले. काळी मांजर उजव्या हातावर झोपते. उठली की खाली उतरून मागच्या पायांवर उभी राहते, अंग ताणते आणि त्याच कोपऱ्यात पंजे रोवते. बोका मात्र उभा राहून ओरबाडत नाही. तो बैठकीवर आडवा पडून खेळाच्या भरात कडेला पंजे मारतो आणि झोपायला पाठीच्या कडेवर जातो.

मांजराच्या ओरबाडण्याला लोक खोडी समजतात, ते मला पटत नाही. नखावरचे जुने कवच सुटावे, झोपेनंतर स्नायू ताणले जावेत आणि पंजाच्या तळव्यातील ग्रंथींचा वास त्या जागी उमटावा, अशी तीन कामे मांजर त्या एका हालचालीत उरकते. वासाबरोबरच डोळ्यांना दिसणारी ओरखड्यांची खूणही तेथे राहते आणि त्यामुळे एकदा निवडलेल्या जागी मांजर पुन्हा पुन्हा येते. म्हणून नवे कापड कितीही चांगले आणले तरी काळी मांजर त्याच कोपऱ्यापाशी येणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करणे भाग होते.

जुन्या कव्हराचे कापड दिसायला सुंदर होते. लिननमिश्रित, जाड धाग्याचे, हाताला खडबडीत लागणारे. ते खिडकीसमोर धरल्यावर धाग्यांमधून उजेड ठिपक्याठिपक्यांनी आरपार येत होता आणि ते निकामी का झाले याचे कारण त्या ठिपक्यांतच होते. मांजराचे नख आकड्यासारखे वाकलेले असते. ते आत शिरते आणि मग खाली ओढले जाते. सैल विणीत त्याला शिरायला जागा मिळते आणि जाड धागा त्याच्या वाकात नीट अडकतो. आईंना दुकानात हे कापड घासणीच्या चाचणीत ४०,००० फेरे टिकलेले आहे असे सांगण्यात आले होते, आणि ते खरे असण्याचीही पूर्ण शक्यता आहे. मार्टिनडेल नावाच्या त्या चाचणीत कापडाच्या नमुन्यावर लोकरी कापड ठरावीक दाबाने घासतात आणि किती फेऱ्यांनंतर नमुन्याचे धागे तुटतात ते मोजतात. माणसांच्या उठण्याबसण्याने होणारी झीज त्यातून कळते. टोकदार नख धाग्याखाली शिरून तो उचलते तेव्हा काय होते, याबद्दल फेऱ्यांच्या त्या आकड्यातून काहीही कळत नाही. मांजरांच्या घरी तो आकडा पाहून कापड घेणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

कापड निवडताना

एकूण आठ नमुने आणले होते. बुक्ले आणि जाडे लिनन मी बाजूला ठेवण्यापुरतेच दाखवले, कारण बुक्लेचा सगळा पोतच मुळी धाग्याच्या फासांचा असतो आणि लिननचा अनुभव समोर होताच. कोणत्याही सोफ्यावर ताणून बसणारे, स्वेटरसारखे विणलेले तयार कव्हर मुलीला हवे होते. ते बसवायला खरोखर सोपे असते, पण अशा कापडात एक फास दुसऱ्यात गुंतलेला असल्यामुळे एक ओढला की शेजारची रांग उसवत जाते. जॅकार्डचा नमुना आईंना फार आवडला. त्यातील फुलांची नक्षी उठून दिसते, कारण नक्षीच्या जागी एक धागा पाच-सहा धाग्यांवरून मोकळा उडी मारून जातो, आणि अशी प्रत्येक मोकळी उडी नखाला आयती खुंटी असते. साटीनच्या विणीलाही हेच लागू पडते. कापड हातात घेतल्यावर रंग पाहण्याआधी धागा किती लांब उडी मारतो ते बोटाच्या नखाने खरवडून पाहावे, असे मी प्रत्येक मांजरवाल्या घरी सांगतो.

उरले चार नमुने: पॉलिएस्टरची मखमल, घट्ट, साध्या विणीचे जाड सुती डक कापड, सुएडसारखे (मऊ चामड्यासारखे) दिसणारे पॉलिएस्टरचे मायक्रोफायबर आणि दोन रंगांच्या धाग्यांचे, मासळीच्या काट्यासारखी वीण असलेले ट्विल. यांपैकी मखमलीकडे माझा कल होता आणि त्याचे कारण चुकीचे नव्हते. मखमलीच्या पृष्ठभागावर फास नसतात, कापलेल्या धाग्यांची उभी टोके असतात. नख त्यांतून घसरते आणि अडकले तरी एखादे टोक निघते, लांब धागा ओढला जात नाही. मी ती जवळजवळ सुचवलीच होती. पण म्हाताऱ्या मांजरीला महिन्यातून दोन-तीनदा केसांच्या गोळ्यासह उलटी होते आणि ती बहुधा सोफ्यावरच होते, हे मुलीच्या बोलण्यातून ओघात कळले. ओली जागा पुसल्यावर मखमलीची लव एका बाजूला दबून डाग गेला तरी डागासारखी छाया उरते, म्हणजे वारंवार पुसावी लागणाऱ्या बैठकीसाठी ती योग्य नव्हती. मांजराच्या पचनाची चौकशी हा माझ्या प्रश्नांचा पहिला भाग असायला हवा होता. त्या दिवसापासून तो आहे.

मखमलीविरुद्ध दुसरेही एक कारण होते आणि ते मायक्रोफायबरलाही लागू होते. सूत हवेतील ओलावा धरून ठेवते: ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे कोरड्या ऋतूत पॉलिएस्टरवर घर्षणाने विजेचा भार साठतो आणि बोक्याचे बारीक, लांब केस त्याला चिकटून बसतात. मायक्रोफायबरमध्ये नखाला पकड जवळजवळ मिळत नाही, हा त्याचा मोठा गुण खरा, आणि एखाद्या आखूड केसांच्या मांजराच्या घरी मी ते आजही आधी दाखवीन.

अंतिम निर्णय मांजरांवर सोपवला. चारही नमुने ३० सेंटिमीटर रुंद फळीवर घट्ट ताणून बसवले आणि ती फळी दहा दिवस उजव्या हाताच्या त्याच कोपऱ्याला टेकवून ठेवली, रोज नमुन्यांचा वरखाली क्रम बदलत. मखमलीवर दबलेल्या लवेचे पट्टे उमटले पण धागा निघाला नाही. डक कापडावर टोचल्याचे बारीक ठिपके दिसत होते, ओढलेला धागा एकही नव्हता. मायक्रोफायबरकडे काळ्या मांजरीने दोनदा पंजा लावून पाठ फिरवली. ट्विलवर दहा दिवसांत तीन धागे किंचित वर आले. एकटे टिकाऊपण पाहायचे तर डक कापड पहिले आले असते. ट्विल दुसऱ्या कारणासाठी पुढे सरकले आणि ते कारण रंगाचे होते.

रंग

आईंना मलईसारखा फिका रंग हवा होता, कारण खोलीत एकाच बाजूने उजेड येतो आणि गडद सोफ्याने ती खोली कोंदट वाटते. मुलीला गडद निळा हवा होता, कारण डाग लपतात. दोघींचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, पण दोघीही केसांचा रंग सोडून डागाचा आणि खोलीचा विचार करीत होत्या. मांजरांच्या घरात डाग कधीतरी पडतात; केस रोज पडतात.

केस दिसतो की नाही हे रंगाच्या जातीपेक्षा केस आणि कापड यांच्या उजळपणातील फरकावर अवलंबून असते. पांढरा केस गडद निळ्यावर, गडद हिरव्यावर आणि तपकिरीवर सारखाच उठून दिसतो. हे शब्दांनी पटत नाही, म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो. दोन्ही मांजरांना विंचरून निघालेल्या केसांची प्रत्येकी एक चिमूट घेतली, ती कापडाच्या १५-१५ सेंटिमीटरच्या अकरा तुकड्यांवर चोळली, तुकडे बैठकीवर ओळीने मांडले आणि फोनमधून काढलेले छायाचित्र कृष्णधवल करून दोघींना दाखवले. गडद निळा आणि कोळशाचा रंग पांढऱ्या केसांनी जाळी धरल्यासारखा दिसत होता. मलईच्या तुकड्यावर बोक्याचे केस दिसेनासे झाले होते, पण काळ्या मांजरीचा प्रत्येक केस पेनाने रेघ ओढावी तसा दिसत होता.

एक काळे आणि एक पांढरे मांजर असेल तर दोघांचेही केस पूर्ण लपवणारा एकरंगी तुकडा मिळत नाही. अशा वेळी मधला करडा घ्यावा असे सरसकट सांगितले जाते. त्या सल्ल्यात अर्धेच तथ्य आहे, कारण सपाट करड्यावर दोघांचेही केस थोडे थोडे दिसतात. केस ही बारीक, वाकडी रेषा असते आणि सपाट पृष्ठभागावर डोळा नेमकी रेषाच टिपतो. जेथे आधीच बारीक, तुटक रेषा आहेत तेथे आणखी एक रेषा वेगळी काढणे डोळ्याला जमत नाही. त्या ट्विलचा उभा धागा शिशासारखा राखाडी आणि आडवा धागा ओल्या वाळूच्या रंगाचा होता, त्यांची तिरपी वीण दर सेंटिमीटरभर अंतरावर दिशा बदलत होती, आणि दोन मीटरवरून पाहताना त्या तुकड्यावर पांढरे केस शोधावे लागत होते. काळ्या मांजरीच्या केसांचे मूळ राखाडी आहे, त्यामुळे तिचे झडलेले केसही त्यात बरेचसे मिसळून गेले. रात्री दिव्याखाली आणि सकाळी खिडकीच्या तिरप्या उजेडात असे दोनदा पाहिले; तिरप्या उजेडात नमुने जास्त उघडे पडतात आणि खरी परीक्षा तीच असते.

त्यातही दोघांचे वाटे समान नव्हते. बोक्याचे केस कितीतरी जास्त झडतात आणि सगळ्या सोफ्याभर पसरतात, तर मांजरीचे केस उजव्या हातावर आणि त्याच्या लगतच्या गादीच्या टोकावरच असतात, हे जुन्या कव्हरावर स्पष्ट दिसले होते. म्हणून मुख्य कव्हरासाठी ट्विलची फिकी छटा घेतली, ज्यात वाळूचा रंग वरचढ होता, आणि उजव्या हातावर कोळशाच्या रंगाच्या डक कापडाची, काढता येणारी वेगळी टोपी बेतली. आईंना खोली उजळ हवी होती ती उजळ राहिली. जास्त टिकणारे कापड जेथे नखे सर्वाधिक लागतात तेथे आले आणि गडद रंग जेथे काळे केस पडतात तेथे. एका सोफ्याला एकच कापड लागते हा नियम कोणी केलेला नाही.

लाल रंगाने मांजरे चिथावली जातात का, असे आईंनी मध्येच विचारले होते, कारण पहिले वाया गेलेले कव्हर लाल होते. मांजराला निळा आणि पिवळसर हिरवा हे रंग ओळखता येतात, लाल त्याला मंद आणि करडा दिसतो. त्या कव्हराला नख लागले ते त्याच्या विणीमुळे.

बेतणे आणि शिवणे

कापड कापण्याआधी त्याचा ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून घरच्याप्रमाणेच धुतला. उभ्या धाग्याच्या दिशेने तो ४८.३ सेंटिमीटर भरला आणि आडव्या दिशेने ४९, म्हणजे ३.४ आणि २ टक्के आटला. दोन मीटर रुंदीच्या पाठीवर एवढी आट ४ ते ७ सेंटिमीटर होते. पहिल्याच धुण्यानंतर कव्हर चढत नाही ते यामुळे. म्हणून १४० सेंटिमीटर पन्ह्याचे ११ मीटर कापड दोन भागांत कापून, कडांना शिलाई मारून, दोनदा धुऊन मगच बेतले. दर चौरस मीटरला ३२० ग्रॅम वजनाचे ते कापड कोरडे असताना जवळजवळ ५ किलो भरते आणि घरच्या यंत्रात एका वेळी नीट धुतले जात नाही. बेत आधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त, कोऱ्या सुती कापडावर करून सोफ्यावर टाचून पाहिला.

झालर आणि नाड्या पूर्णपणे वगळल्या. झालरीखाली अंधारी जागा तयार होते आणि बोका तेथून हल्ला करण्याचा खेळ खेळतो, एवढ्यापुरतेच ते असते तर हरकत नव्हती. पण मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा ते सहजी बाहेर टाकू शकत नाही, आणि गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तीन नाड्या चघळलेल्या पाहून मला कापडाच्या नासाडीपेक्षा ही काळजी अधिक वाटली होती. कव्हराची खालची कड दुमडून सोफ्याच्या तळाशी वेल्क्रोने चिकटवली आणि शिवणीच्या शेवटी एकही दोऱ्याचे टोक मोकळे ठेवले नाही.

सैल कापडाच्या चुण्यांत नख सहज अडकते, म्हणून पाठ आणि बैठक यांच्या फटीत १५ सेंटिमीटर कापड आत खोचून त्यावर फोमची नळी दाबून बसवली, ज्यामुळे कोणी उठले तरी कापड वर येत नाही. हातांच्या कोपऱ्यांवर पायपिंग, म्हणजे शिवणीत दोर घालून उठवलेली कड, घातले नाही. उठावदार कड हीच नखांची आवडती जागा असते. गाद्यांच्या खोळींना मात्र आईंच्या आग्रहावरून पायपिंग घातले आणि तेथे माझी एक चूक झाली, ती पुढे सांगतो. गाद्यांच्या खोळींचे दोन संच आणि हाताच्या तीन टोप्या शिवल्या. घाण झालेला भाग तेवढा काढून धुता यावा आणि सोफा एक दिवसही उघडा राहू नये, यासाठी.

डाग न धरणाऱ्या रासायनिक लेपाविषयी मुलीने विचारले होते. मांजर कापडावर लोळते आणि मग स्वतःचे अंग चाटते, त्यामुळे कापडावर जे लावले जाते ते थोडेफार तिच्या पोटात जाते. मी असे लेप मांजरांच्या घरी सुचवत नाही. धुण्यासारखे कव्हर असताना त्यांची गरजही उरत नाही.

नुसत्या कव्हराने हे प्रकरण सुटले नसते. उजव्या हाताला अगदी लागून, जेथे मांजर उतरते तेथेच, सायझलचा (घायपाताच्या धाग्याचा) दोर गुंडाळलेला ९० सेंटिमीटर उंचीचा, जड बैठकीचा खांब ठेवला, आणि बोक्यासाठी जमिनीवर आडवी खरखरीत पाटी. खांब कोपऱ्यात, नजरेआड ठेवायची मुलीची इच्छा होती. तसे केल्यास तो कोरा राहतो. नवे कव्हर चढवल्यावर सोफ्याचा ओळखीचा वास एकदम नाहीसा होऊ नये म्हणून जुन्या कव्हराचा न धुतलेला तुकडा आठवडाभर नव्या टोपीवर पसरून ठेवला आणि नखांची टोके दर दोन-तीन आठवड्यांनी कापण्याचे दोघींनी ठरवले.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने

सहा महिन्यांनी गेलो तेव्हा गाद्यांच्या कडा सुरकुतलेल्या होत्या. मुख्य कापड दोनदा धुतले होते, पण पायपिंगच्या आतला सुती दोर मी धुतला नव्हता. तो नंतर आटला आणि त्याने कड आवळली. दोन्ही संचांचे पायपिंग काढून साधी दुहेरी शिवण घातली, ती आधीच घालायला हवी होती. बैठकीच्या पुढच्या कडेवर चार ठिकाणी धागे वर आले होते. ते कापायचे नसतात, कारण कापलेल्या जागी पुढे भोक पडते; बोथट सुईने ते मागच्या बाजूला ओढून घेतले आणि दोघींना ते शिकवले.

वर्षाने पाहिले तेव्हा उजव्या हाताची पहिली टोपी टोचून टोचून मऊ झाली होती, पण फाटली नव्हती, आणि खांबाचा दोर मधोमध झिजला होता. ओल्या रबरी हातमोज्याने एका दिशेने हात फिरवला की ट्विलवरचे केस गोळा होऊन येतात, असे मुलीने दाखवले. खोळी धुण्याआधी ती त्या कोरड्याच झटकते, कारण एकदा ओला झालेला केस धाग्यांत रुतून बसतो. उलटीचे डाग गार पाण्याने आधी धुतले गेल्यामुळे एकही पक्का झाला नव्हता. गरम पाण्याने तसे डाग कापडात बसतात. उन्हाच्या बाजूची पाठ थोडी विटली होती. आईंनी पुढच्या वेळेसाठी त्याच ट्विलची एक छटा गडद मागितली आहे, कारण वर्षभरात काळी मांजर उजवा हात सोडून मधल्या गादीवर झोपू लागली आहे.